आज्जी कानडी नव्हे, आणि अशुद्ध तर मुळीच नव्हे

सोलापूरच्या एका वाचकानं विचारलंय. त्यांची आजी गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला घरच्या सगळ्यांनी लिहिलेल्या आठवणींची छोटी पुस्तिका वाटायची आहे, नाव 'आमची आज्जी'. मजकूर तपासायला पुण्याच्या मामांकडे गेला. मामांनी झाडून सगळीकडचा एक ज खोडला आणि समासात लिहिलं, 'आज्जी हा कानडी उच्चार. लेखी मराठीत अशुद्ध.' वर फोडही करून दिली: आई अधिक आदराचा जी, म्हणून आजी. वाचकाचे प्रश्न दोन. छापायचं काय? आणि नावाआधी 'कै.' लावायचं की 'गं. भा.'?

मामांचं सगळं ऐकावं, व्युत्पत्ती सोडून. आईला जी लावून आजी झाली असेल, तर आजा कुठून आला? आईला कुणी 'जा' म्हटलं म्हणून? आजा आणि आजी ही जोडी आहे, आणि दोघांचा उगम एकत्रच शोधावा लागतो. 'आजी-माजी आमदार' मधला आजी इथं आणू नका. तो 'आज'चा, म्हणजे संस्कृत 'अद्य'चा. त्याचा आपल्या आजीशी काडीचा संबंध नाही.

आता गंमत ऐका. संस्कृतात 'आर्यक' म्हणजे आजोबा. मूळ अर्थ मान्य, आदरणीय माणूस. प्राकृतात त्याचा झाला 'अज्जय' आणि बाईची झाली 'अज्जिया'. दशवैकालिक सूत्र नावाचा जैन आगम आहे. त्याच्या सातव्या अध्ययनात साधूनं कसं बोलावं याचे नियम आहेत. बाईला नात्याचे शब्द वापरून हाक मारू नये, असं सांगताना ते शब्दच दिलेत: अज्जिए, पज्जिए, अम्मो, माउसिय. वाचा बरं मोठ्यानं. आजी, पणजी, अम्मा आणि मावशी! सगळं मराठी माजघर तिथं ओळीनं बसलंय. आणि नीट बघा, अज्जिए हे संबोधन आहे. म्हणजे हाक. आणि तिच्यात ज दोन आहेत.

याच अज्जियेचा दुसरा अर्थ साध्वी. दिगंबर जैनांत साध्वीला आजही आर्यिका म्हणतात. सोलापुरात जैन घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिथं हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. घरातली म्हातारी आणि पायी विहार करणारी साध्वी, दोघींना एकच शब्द. मला तर यात नवल वाटत नाही. पहाटे उठून नातवंडांआधी देवाला जेवू घालणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्यात, त्यांनाही वाटणार नाही.

पण भाषेचा खोडकरपणा असा, की मुळात इतक्या आदराचा हा शब्द आपण एकेरीत वापरतो. आजोबा 'अहो', आजी 'अगं'. आजोबांना शेवटी 'बा'ही मिळाला.

दोन ज चा एक कसा झाला, हे शाळकरी प्रकरण आहे. प्राकृतातलं जोडाक्षर मराठीत सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो: कम्म-काम, हत्थ-हात, सत्त-सात, अज्ज-आज. तसंच अज्जिया-आजी. मग नियमाप्रमाणे 'आज्जी' होऊच नये, कारण तिच्यात स्वरही लांब आणि ज ही दोन. मामा इथंच अडले असणार. पण नियम वाक्यातल्या शब्दांचा आहे, हाकेचा नाही. माझं जुनं मत आहे आणि ते मी सोडणार नाही: नात्याचे शब्द आधी हाक असतात आणि मग नाम. हाक लांब पोचवायची तर मधे जोर लागतो. आप्पा, आक्का, आण्णा, सगळीकडे हेच. माळवदावर आजी पापड वाळत घालतेय आणि खालच्या अंगणातून पोरगं ओरडतंय, तेव्हा 'आजी' म्हणून बघा. आवाज वाऱ्यावर जातो. 'आज्जीऽ' म्हणा, ती कठड्याशी येते. पुण्यातली पोरंही शाळेतून आल्यावर 'ए आज्जी'च करतात. मामांनी स्वतःही लहानपणी तेच केलं असेल, पैज लावतो.

आता कानडीचा शिक्का. सोलापुरात एखादा शब्द पुण्यापेक्षा वेगळा निघाला की तो कानडी ठरवून मोकळं व्हायचं, ही खोड जुनी आहे आणि तिचा मला मनापासून राग आहे. कन्नडमध्ये अज्ज-अज्जी आहेत, हे खरंच. काही अभ्यासक तेवढ्यावरून मूळच द्राविडी ठरवतात. मग त्यांनी जरा दक्षिणेला बघावं. तमिळमध्ये आजी म्हणजे पाट्टी. तेलुगूत अम्मम्मा आणि नानम्मा, हे तर सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली घरांतून रोज ऐकायला मिळतं. आणि उत्तरेला? अवधी-भोजपुरीत वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. बनारसला कन्नड कुणी नेली होती? १८४५ पासून मजुरांची जहाजं त्रिनिदादला गेली, त्यांच्याबरोबर भोजपुरी आजीही गेली. तिथं अजून आईची आई नानी आणि वडिलांची आई आजी. प्राकृतातून कन्नडनं शब्द घेतला, असं मी मानतो. शेजारच्या कन्नड उच्चारानं सोलापूरच्या हाकेतला दुसरा ज टिकायला हात दिला असेल, तर त्याबद्दल आभार मानावेत, खोडरबर काढू नये.

सीमेवरची खरी गंमत वेगळीच आहे. धारवाडकडच्या कन्नड घरांत आजीला 'आयी' म्हणतात. मराठी सून तिकडे गेली की पहिले काही दिवस 'आयी कुठंय' म्हटल्यावर सासूकडे बघते.

आणि सोलापूरच्या मराठीला शुद्धता शिकवायला निघण्याआधी हत्तरसंग कुडलला जाऊन यावं. भीमा आणि सीना मिळतात तिथं संगमेश्वराच्या देवळात शके ९४०चा, म्हणजे १०१८चा, मराठी लेख आहे. आनंद कुंभार या सोलापूरच्याच हौशी संशोधकानं तो उजेडात आणला. 'काय करलालास बे' ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी तो दगड एकदा बघावा. दक्षिण सोलापूर तालुक्यातलाच आहे.

तेव्हा छापा 'आमची आज्जी'. साहित्य महामंडळाच्या अठरा नियमांत तिच्याबद्दल एक अक्षर नाही. नातवंडांनी लिहिलेल्या मजकुरात ती जशी बोलावली गेली तशीच यावी. तुम्ही पाठवलेल्या पानांत शेंगांच्या चटणीचं आहे ना: 'तेल सुटल्याशिवाय उखळ सोडायची नाही, आणि आम्ही विचारायचो, आज्जी झालं का?' इथं 'आजी झालं का' करून बघा. पोर एकदम पन्नाशीचं वाटतं. फक्त एक करा, वर्तमानपत्रात सूचना द्याल तिथं 'आजी' लिहिलंत तरी चालेल. तिथं कुणी हाक मारत नसतं.

राहिला दुसरा प्रश्न. गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी. ते हयात विधवेच्या नावाआधी लावायचे. आजी गेल्या, तेव्हा कै. पुरे. दोन्ही एकत्र लावलेले फलक मी पाहिलेत, तसं करू नका. आणि 'कै. स्वर्गीय' असं तर अजिबात नको. एका माणसाला दोन पत्ते कशाला?