तित्तराला उडता येतं, मग माणूस किंवा कुत्रा दिसला की तो पळतच का सुटतो?

कारण उडणं त्याला फार महाग पडतं, म्हणून आधी पळणं, मग झुडपात दबून बसणं आणि अगदीच अंगावर आलं तरच उडणं असा त्याचा क्रम असतो. छातीचे स्नायू पांढरे, झटक्यात जोर लावणारे पण लगेच थकणारे, पायाचे मात्र दमदार, त्यामुळे फर्रकन उठतो, जोरात पंख मारतो, मग पंख ताठ धरून तरंगत थोड्या अंतरावर पुढच्या काटेरी झुडपात पडतो आणि तिथून परत पळतो, म्हणजे जिथे उतरला तिथे शोधायला जाल तर बहुतेक वेळा सापडणारच नाही. माळावर हे नेहमी बघायला मिळतं. रात्री बाभळीसारख्या काटेरी झाडावर बसतात, कोल्ह्या-मांजरापासून वाचायला.

फक्त हे राखी तित्तराबद्दल, सगळ्यांना लावू नका. लाव्यांचा थवा हलतच नाही, पाय पडणार इतक्यात सगळे एकदम चारी दिशांना उडतात आणि शिकारी प्राण्याला कोणामागे जावं तेच कळत नाही. आणि प्लीज, बघायचं तर लांबूनच बघा, मुद्दाम उठवू नका, विणीच्या काळात तर नाहीच, शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.