खांबापाशी गाडी थांबवायला सांगा

प्रश्न : मी आणि मिस्टर फेब्रुवारीत मुलाकडे अमेरिकेला चाललोय. त्यानं आमचं जहाजाचं तिकीट काढलंय. फ्लोरिडाहून निघायचं आणि एक दिवस सेंट मार्टिन बेटावर थांबायचं. अर्धं बेट फ्रेंच, अर्धं डच म्हणे. मुलगा म्हणतो, गाइडची बस घ्या. आमच्या गुडघ्यांचं वय बघता घ्यावी का? सीमेवर पासपोर्ट दाखवावा लागतो का? आणि जेवणाचं काय?
— एक वाचक, रुईकर कॉलनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, बस घ्या. एरवी गाइडवाल्या बसला माझा विरोधच असतो, पण इथं दिवस एकच आणि बेट उणंपुरं ८७ चौरस किलोमीटरचं. आपल्या करवीर तालुक्याच्या एका कोपऱ्यात मावेल. फक्त बसताना गाइडला सांगून ठेवा, सीमेच्या खांबापाशी नीट थांब बाबा, फोटोपुरतं नको.

सीमा म्हणजे तरी काय, रस्त्याकडेला एक दगडी खांब आणि शेजारी झेंडे. चौकी नाही, पोलीस नाही. निपाणीला जाताना कोगनोळीला गाडी जेवढी मंदावते, तेवढीही इथं मंदावत नाही. पासपोर्ट कुणी मागत नाही. बेटावर उतरण्याच्या व्हिसाचं मात्र जहाज कंपनीकडून आधीच लेखी विचारून घ्या. शिवाय तुमचा अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, तेही बघा. समुद्रावरून फ्लोरिडाला परतणं म्हणजे पुन्हा अमेरिकेत शिरणंच.

खांबापाशी गाइड तुम्हाला एक गोष्ट सांगेल. एक फ्रेंच आणि एक डच माणूस पाठीला पाठ लावून निघाले, किनाऱ्यानं उलट्या दिशांना चालले आणि जिथं भेटले तिथं सीमा ठरली. फ्रेंचाजवळ वाइन, डचाजवळ जिन. जिन डोक्यात चढली, डच मागं पडला, म्हणून फ्रेंचांना ५३ आणि डचांना ३४ चौरस किलोमीटर. बस हसते. गोष्ट गोडच आहे, पण वाटणी झाली ती कागदावर, २३ मार्च १६४८ च्या तहानं. आपल्याला यात नवल वाटायला नको. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची वाटणीही १७३१ मध्ये वारणेच्या तहानंच झाली. आपल्या वाटणीला निदान नदी तरी होती.

गाइडनं न सांगितलेली गोष्ट मी त्याला खोदून विचारली होती. फ्रेंचांनी गुलामगिरी १८४८ मध्ये बंद केली, डचांनी कायद्यानं १८६३ मध्ये. मधल्या पंधरा वर्षांत याच सीमेला काय मोल असेल बघा! डच बाजूच्या मळ्यांवरून आणि मिठागरांवरून माणसं निघाली, ही डोंगररेघ ओलांडली की सुटली. डच बाजूची राजधानी फिलिप्सबर्ग, तिच्या पाठीमागं मिठाचं मोठं तळं आजही दिसतं. लोक बसच्या काचेतून फोटो काढतात आणि दुकानांकडं वळतात. त्या तळ्यावर माझा जीव अडकला तो अजून सुटलेला नाही.

दुकानांवरून आठवलं. आमच्या बसनं तीन तासांतला एक तास एका दागिन्यांच्या दुकानापुढं घालवला. ड्रायव्हर उन्हात डुलक्या घेत होता आणि मी वैतागले होते. तुम्ही तिकीट काढतानाच विचारा, दुकानासाठी किती वेळ ठेवलाय? फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटला, म्हणजे दुकानांच्या रस्त्याला, हिंडायचंच असेल तर बंदरावर परतल्यावर सावकाश हिंडा. बरीच दुकानं सिंधी माणसांची आहेत. गांधीनगरात साडीचा भाव करता तसा हिंदीतून केलात तरी चालेल, मी केला.

पुढं मारिगो, म्हणजे फ्रेंच बाजूची राजधानी. वरती १७८९ चा फोर्ट लुई आहे. चढण खडी आहे, गुडघे कुरकुरत असतील तर खालीच बाजारात थांबा. मिस्टरांना वर पाठवा, त्यांना समोर अँग्विला बेट दिसेल. दोन संस्कृती म्हणाल तर मला त्या किल्ल्यात नाही, प्लगमध्ये दिसल्या. डच बाजूला ११० व्होल्ट आणि अमेरिकन चपट्या पिना, फ्रेंच बाजूला २२० आणि गोल पिना. पलीकडच्या गल्लीत फोन केला तरी परदेशी कॉल! इंग्रजी मात्र दोन्हीकडं चालतं. डॉलरही चालतात, फ्रेंच बाजूला युरो. सुट्ट्या छोट्या नोटा जवळ ठेवा.

जेवण फ्रेंच बाजूच्या ग्रँड केस गावात. समुद्राकाठी ‘लोलो’ नावाच्या उघड्या खाणावळी आहेत, कोळशावर भाजलेलं चिकन, मासे, बरगड्या. आपला तांबडा रस्सा नव्हे, पण मिस्टर खूश होतील. तुमचा उपवासाचा सोमवार निघाला तर तळलेली केळी घ्या. राजमा-भातात मांस टाकलंय का ते आधी विचारा, बरेचदा असतं.

माहो किनाऱ्यावर विमानं डोक्यावरून उतरतात. बघा, पण धावपट्टीच्या कुंपणाला लटकू नका. उड्डाणाच्या झोतानं २०१७ मध्ये एका पर्यटक बाईंचा जीव गेलाय.

आणि घड्याळ. फेब्रुवारीत बेटावरची वेळ फ्लोरिडापेक्षा एक तास पुढं असते. जहाजाची कुठली, ते उतरतानाच विचारून घ्या. डच बाजूच्या सिम्पसन बे चा पूल बोटींसाठी उघडला की गाड्या खोळंबतात, आम्ही चांगल्याच अडकलो होतो. एक घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा, दुसरं बेटाच्या, आणि जहाजाचं मिस्टरांच्या हातात देऊ नका.