वाचकांचे प्रश्न : पवनचक्की फिरते, मग दिवा का लागत नाही?

प्रश्न : खेळण्यातल्या मोटारीला पुठ्ठ्याची तीन पाती लावली. टेबल फॅनसमोर पवनचक्की जोरात फिरते, पण पांढरा एलईडी पेटत नाही. मोटर बिघडली असेल का? (नववीचा विद्यार्थी, कराड)

तुझी मोटर चांगली आहे, फक्त या कामाची नाही. अशी मोटर ३ व्होल्टवर मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. तिच्याकडून उलट वीज काढायची, तर ३ व्होल्टसाठी तिला तेवढेच फेरे द्यावे लागतात. तुझी पाती ५००-६०० फेरे घेत असतील, म्हणजे हाती येतात जेमतेम ०.२ व्होल्ट. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात, लालला १.८.

भंगारातल्या प्रिंटरची २४ व्होल्टची डीसी मोटर शोध. ती २४ व्होल्टवर ५,००० फेरे घेणारी असेल, तर ६०० फेऱ्यांना सुमारे २.९ व्होल्ट देईल आणि लाल एलईडी पेटेल. नाही पेटला तर त्याचे पाय अदलाबदल करून बघ. रोबोटच्या गाड्यांना असते ती पिवळी गिअरवाली मोटर घेऊ नकोस. गिअरमुळे ती बाहेरून फिरवायला जड जाते आणि मंद वाऱ्यात पाती हलतही नाहीत. प्रिंटरमधली स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी फिरणारी) मात्र संथ फिरूनही चांगला व्होल्टेज देते. तिची वीज उलटसुलट वाहते, म्हणून एकाच कॉइलला दोन एलईडी विरुद्ध दिशांनी जोड, दोन्ही आळीपाळीने लुकलुकतील.

प्रश्न : पात्यांचा कोन बदलून व्होल्टेज मोजण्याचा प्रयोग सातवीला देते. प्रत्येक गटाचे उत्तर वेगळे येते. नेमका कोन कोणता धरायचा? (विज्ञान शिक्षिका, सातारा)

कोनाआधी दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली गोष्ट वारा. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग १० टक्के घटला की शक्ती २७ टक्के घटते. एखाद्या गटाने पंखा वीतभर मागे सरकवला तरी आकडे बदलणारच. फरशीवर खडूने खूण करून पंखा एक मीटरवर ठेवा आणि एकाच नंबरवर चालवा. पंख्याच्या मधोमध वारा कमी असतो, म्हणून पवनचक्कीची जागाही सगळ्यांना एकच द्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. नुसता मल्टिमीटर लावून मोजलेला व्होल्टेज पवनचक्की किती वेगाने फिरते एवढेच सांगतो. ती काम किती करते, हे रेझिस्टर जोडल्यावरच कळते. १०, २२, ४७ आणि १०० ओहमचे रेझिस्टर घ्या, प्रत्येकाच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा आणि त्याच्या वर्गाला ओहमने भागा. मोकळी असताना २.९ व्होल्ट दाखवणारी चक्की ४७ ओहमवर १.२ व्होल्टवर आली, तर शक्ती झाली सुमारे ३१ मिलिवॉट. १५ सेंटिमीटरच्या पात्यांवर सेकंदाला ४ मीटरचा वारा सुमारे २.७ वॉट घेऊन येतो. त्यातला जास्तीत जास्त ५९.३ टक्के भाग घेता येतो, ही मर्यादा आल्बर्ट बेट्झ यांनी दाखवली. मुलांना चक्कीची शक्ती आणि वाऱ्यातली शक्ती हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडू द्या, त्यावर तासभर चर्चा होते.

आता कोन. तो पाती फिरतात त्या पातळीपासून मोजा. ४५ अंशांवर चक्की लगेच सुरू होते, पण वेग घेत नाही. १० ते २० अंशांत शक्ती बहुधा सर्वाधिक मिळते, मात्र सुरुवातीला बोटाने ढकलावे लागते. चक्की थरथरत असेल तर तिन्ही पाती वजन करून सारखी करा. एखादे पाते उलट्या कोनात चिकटलेले नाही ना, तेही बघा, ही चूक सर्रास होते. मोठ्या पवनचक्क्या असलेल्या चाळकेवाडीच्या पठारावर सहल नेलीत, तर पात्याला असलेला पीळ मुलांना दाखवा. मुळाकडचा भाग संथ फिरतो, म्हणून तिथे कोन मोठा ठेवतात.

प्रश्न : शाळेतला हायड्रोजन इंधन-घट गेल्या वर्षी छान चालला. यंदा बुडबुडे नावापुरते येतात, छोटा पंखाही फिरत नाही. पाणी फिल्टरचेच वापरतो. (प्रयोगशाळा सहायक, नागपूर)

हा घट वीज दिली की पाण्यापासून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बनवतो आणि नंतर तेच वायू वापरून वीज देतो. पाण्याचाच दोष दिसतो. फिल्टरच्या किंवा बाटलीबंद पाण्यात क्षार उरतात. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन घटातल्या पडद्यात जाऊन बसतात आणि प्रोटॉनची वाट अडवतात. नुसते धुऊन ते निघत नाहीत. पण घट वर्षभर कपाटात पडून पडदा फक्त सुकला असेल, तर तो पूर्ववत होऊ शकतो. सिरिंजने ऑक्सिजनच्या बाजूला डिस्टिल्ड वॉटर भरा, पाच मिनिटे मुरू द्या, मग वीज जोडा. लाल वायर ऑक्सिजनच्या बाजूला हवी. किटवर लिहिलेल्या व्होल्टेजच्या वर जाऊ नका. साधारणपणे ते २ ते ३ व्होल्ट असते आणि ९ व्होल्टची बॅटरी थेट जोडली की घट कायमचा जातो.

घट ठीक आहे का, हे वायू मोजून ठरवा. अर्धा अँपिअर प्रवाह चार मिनिटे दिला, तर सुमारे १५ मिलिलिटर हायड्रोजन आणि ७.५ मिलिलिटर ऑक्सिजन जमायला हवा. ऑक्सिजन थोडा कमी भरला तर काळजी नको, तो पाण्यात जास्त विरघळतो. दोन्ही बरेच कमी भरले तर नळीचे जोड तपासा. चालू घट मोकळा असताना ०.८-०.९ व्होल्ट दाखवतो, पंखा जोडल्यावर ०.५ ते ०.७. एका घटावर एलईडी पेटत नाही, तो दोष समजू नका.

प्रश्न : किट महाग आहे. घरी मिठाच्या पाण्यात बॅटरी लावून हे दाखवता येईल का? (पालक, पुणे)

मीठ अजिबात नको, क्लोरीन वायू तयार होतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घाला, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली बुडवा आणि ९ व्होल्टची बॅटरी जोडा. दोन मिनिटांनी बॅटरी काढून त्याच टोकांना मल्टिमीटर लावा. व्होल्टभराच्या वरचे वाचन दिसते आणि भराभर उतरते, कारण शिशावर चिकटलेले वायूच तेवढा वेळ वीज देतात. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये प्लॅटिनम वापरून हेच दाखवले होते. खिडकी उघडी ठेवा. वायू फुग्यात किंवा झाकणाच्या बाटलीत साठवू नका, हवेत ४ टक्के हायड्रोजनही पेट घेतो.

प्रश्न : पवनचक्की थेट इंधन-घटाला जोडली. वारा थांबल्यावरही ती फिरत राहते! (विज्ञान मंडळ, कोल्हापूर)

साठलेला हायड्रोजन घटातून वीज बनवतो आणि तुमची मोटर पंख्यासारखी चालवतो. पवनचक्कीच्या धन वायरमध्ये १एन५८१७ हा शॉट्की डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला, त्यावरचा पट्टा घटाच्या बाजूला. साध्या १एन४००७ मध्ये सुमारे ०.७ व्होल्ट जातात, यात ०.३ च्या आसपास. तरीही घट जोडलेला असताना चक्कीकडून जवळपास २ व्होल्ट मिळायला हवेत, नाहीतर बुडबुडेच येणार नाहीत. एकीने भागत नसेल तर दोन चक्क्या एकसर जोडा.