जीआरचं टेबल व्हेक्टर स्टोअरला जोडताना कुठला कॉलम कुठे द्यायचा

तुम्ही विचारलंय की शासन निर्णय (जीआर) अर्थावरून शोधता यावेत म्हणून त्यांचं टेबल व्हेक्टर स्टोअरला, म्हणजे मजकुराचा अर्थ दाखवणारे आकडे (एम्बेडिंग) साठवून जवळचे शोधणाऱ्या सोयीला, कसं जोडायचं. म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये शासन निर्णयांचं टेबल तुमच्याकडे आधीच आहे, त्यात सांकेतांक (प्रत्येक जीआरचा स्वतःचा लांब नंबर), विभाग, शीर्षक, दिनांक, मजकूर असे कॉलम, व्हेक्टर साठवायचं पीजीव्हेक्टर एक्स्टेन्शन चालू केलंय, पायथनमधून लँगचेन ही लायब्ररी लावली, आणि तिने तुमच्या टेबलाकडे ढुंकूनही न बघता स्वतःचीच दोन टेबलं बनवून सगळा डेटा तिकडे भरला. बरोबर ना?

लँगचेन तसंच करणार, कारण तुम्ही त्यातला जुना पीजीव्हेक्टर क्लास (नाव एक्स्टेन्शनचंच) घेतलाय. त्याला कॉलमची नावं सांगायची सोयच नाही, एक टेबल कलेक्शनचं, एक एम्बेडिंगचं, आणि तुमचे विभाग, दिनांक वगैरे सगळे एकाच जेसन कॉलममध्ये (नाव-किंमत जोड्यांचा गठ्ठा) कोंबलेले. त्याच पॅकेजमध्ये पीजीव्हेक्टरस्टोअर म्हणून नवीन क्लास आहे तो घ्या (नावं इतकी सारखी ठेवलीत की घोळ होणारच). त्याला टेबलाचं नाव, आयडी कॉलम, कंटेंट कॉलम, एम्बेडिंग कॉलम, मेटाडेटा (विभाग, दिनांक अशी जोडमाहिती) कॉलमांची लिस्ट आणि उरल्यासुरल्या गोष्टींसाठी एक जेसन कॉलम असं सगळं वेगवेगळं देता येतं. नाही दिलं तर तो स्वतःची डिफॉल्ट नावं धरतो आणि ती तुमच्या टेबलात सापडली नाहीत की अमुक कॉलम अस्तित्वात नाही म्हणून एरर देऊन थांबतो. इथे स्पेलिंग बरोबर असूनही एरर येत असेल तर कॅपिटल अक्षरं बघा, टेबल बनवताना नाव कोट्समध्ये दिलं नसेल तर पोस्टग्रेस ते स्मॉलमध्येच साठवतं, आणि कोडमध्ये तुम्ही कॅपिटल लिहिलेलं असतं.

इथवर सोपं आहे. खरी मेख आयडीमध्ये आहे. तुम्ही लिहिलंय की सांकेतांक युनिक असतो म्हणून तोच आयडी कॉलमला देणार. नका देऊ! एका जीआरचे तुम्ही दहा-बारा चंक (तुकडे) करणार, सगळ्यांचा सांकेतांक एकच, आणि हा क्लास आयडी आधीच असेल तर एरर न देता जुन्या रोवर नवीन लिहितो. म्हणजे स्क्रिप्ट व्यवस्थित पूर्ण होते, लॉगमध्ये काही नाही, आणि टेबलात प्रत्येक जीआरचा फक्त शेवटचा चंक उरतो, ज्यात बहुतेक वेळा सही आणि प्रत कोणाकोणाला पाठवायची त्याची यादी असते. मग सर्चमध्ये प्रत्येक प्रश्नाला त्या यादीतलेच महालेखापाल आणि निवड नस्ती यायला लागलं की समजायचं काय झालंय. टेबलातल्या रोंचा काउंट जीआरच्या संख्येएवढाच आला तर नक्की हेच.

म्हणून चंकांचं टेबल वेगळं करा, आयडी म्हणजे सांकेतांक, मग डॅश, मग चंकचा नंबर, टाइप टेक्स्ट. सांकेतांक स्वतःही मेटाडेटा कॉलम म्हणून ठेवा पण टेक्स्टच, आकडा म्हणून नको, कारण तो एवढा लांब असतो की पुढे ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टमध्ये गेला की शेवटचे एक-दोन अंक बदलून येतात आणि जीआरची लिंक उघडत नाही. आयडी असा ठरलेला असला की जीआर परत लोड केला तरी डुप्लिकेट होत नाहीत. फक्त नवीन चंक आधीपेक्षा कमी झाले तर जुने शेवटचे तसेच राहतात, तेव्हा लोड करायच्या आधी त्या सांकेतांकाचे सगळे रो डिलीट करा.

कंटेंट कॉलमला नुसता मजकूर देऊ नका. जीआरच्या मधल्या परिच्छेदात "सदर योजनेअंतर्गत" एवढंच असतं, कुठली योजना ते वर शीर्षकात. शीर्षक अधिक चंक असा जोडून कंटेंट बनवा आणि त्याचंच एम्बेडिंग काढा. तुम्ही एम्बेडिंगसाठी मल्टिलिंग्वल ई५ लार्ज मॉडेल वापरताय, त्याला ५१२ टोकनची (शब्दांच्या तुकड्यांची) मर्यादा आहे, त्यापुढचं कापलं जातं, त्यामुळे शीर्षक लांबलचक असेल (असतंच) तर चंक तेवढा लहान करा. त्या मॉडेलला मजकुराआधी पॅसेज आणि प्रश्नाआधी क्वेरी असा प्रीफिक्स लागतो, तो एम्बेडिंग काढणाऱ्या फंक्शनमध्ये घाला, कॉलममध्ये नको, नाहीतर युजरला उत्तरात दिसत बसेल.

एम्बेडिंग कॉलम १०२४ डायमेन्शनचा (म्हणजे १०२४ आकड्यांचा) व्हेक्टर हवा. तुमचा सध्याचा कॉलम फ्लोटचा ॲरे दिसतोय, तो चालणार नाही, पण नुसत्या टाइपसाठी परत सगळं एम्बेड करायची गरज नाही, आल्टर टेबल करून व्हेक्टरमध्ये कास्ट करता येतो. उद्या त्याच ई५ चं बेस मॉडेल घेतलंत तर ते ७६८ चं आहे, पोस्टग्रेस लगेच एरर देईल, ते बरंच आहे. वाईट केव्हा, तर दुसरं कुठलं १०२४ वालं मॉडेल घेतलं तर, कारण एरर काहीच नाही आणि रिझल्ट मात्र वाट्टेल ते. मॉडेलचं नाव एका कॉलमात ठेवत जा.

शोध वेगाने व्हावा म्हणून इंडेक्स एचएनएसडब्ल्यूचा (जवळचे व्हेक्टर अंदाजाने पटकन काढणारा प्रकार) करा, तो पीजीव्हेक्टर ०.५ पासून आहे. दोन व्हेक्टरमधलं अंतर मोजायची क्लासची डिफॉल्ट पद्धत कोसाईन आहे, म्हणून इंडेक्सही कोसाईनच्याच ऑपरेटर क्लासवर (इंडेक्स कुठलं अंतर धरणार ते सांगणारी सेटिंग) पाहिजे. एल२ वर (सरळ रेषेतलं अंतर) केलात तर तक्रार कोणी करणार नाही, इंडेक्स नुसता पडून राहील आणि दर वेळी अख्खं टेबल वाचलं जाईल. क्वेरीला एक्सप्लेन (ती कशी चालते ते दाखवणारी कमांड) लावून एकदा बघाच.

विभाग आणि दिनांक यांवर फिल्टर हवाय म्हणालात तर ते मेटाडेटा कॉलमांच्या लिस्टमध्ये पाहिजेत, जेसनमध्ये नकोत, आणि दिनांकाचा टाइप डेट. एचएनएसडब्ल्यूमध्ये फिल्टर इंडेक्स स्कॅननंतर लागतो, इंडेक्स डिफॉल्ट ४० उमेदवार काढतो, आणि तुमच्या विभागाचे रो एकूण दहा टक्के असतील तर साधारण चारच हाती लागतात. मग लोक म्हणतात मॅपिंग चुकलं! पीजीव्हेक्टर ०.८ किंवा पुढचं असेल तर इटरेटिव्ह स्कॅन चालू करा, मागितले तेवढे मिळेपर्यंत तो इंडेक्समध्ये पुढे शोधत राहतो, अर्थात त्यालाही कमाल मर्यादा आहे. जुनं व्हर्जन असेल तर ईएफ सर्चची व्हॅल्यू (तोच वरचा ४० चा आकडा) वाढवा, थोडं स्लो होईल पण चालतं.