आप्पा दवाखान्यात ताठ का चालतात?

प्रश्न : माझे सासरे 69 वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. अमळनेर तालुक्यात आमची कापसाची शेती आहे. चार वर्षांपूर्वी आप्पांना पार्किन्सन म्हणजे कंपवात असल्याचं निदान झालं, गोळ्या चालू आहेत. अडचण अशी की डॉक्टरांसमोर ते ताठ चालतात. डॉक्टर म्हणतात, 'छान आहे, दुसरी पायरी.' घरी मात्र मोरीच्या उंबऱ्याशी पाय अडकतात. 'मना पाय भुईले चिटकी जातस,' म्हणतात. माझे यजमान म्हणतात आजार वाढला. पुण्याचे दीर म्हणतात, 'उगाच घाबरता, व्हिडिओ कॉलवर तर बरे दिसतात.' यावरून दिवाळीत दोघा भावांत बोलाचाली झाली. आता दिरांनी कुठेतरी वाचलंय की गेम खेळायच्या कॅमेऱ्यासमोर माणूस उभा केला की आजार किती ते आकड्यात कळतं. हे खरं का? आप्पांना त्यासाठी लांब न्यावं का?
– एक सून, अमळनेर तालुका

उत्तर : सूनबाई, वयानं मोठी आहे म्हणून असं म्हणते, राग मानू नका. मी धुळ्यात फिजिओथेरपी करते, तीस वर्षं होत आली. गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्या कॅमेऱ्याशी मी स्वतः झटापट केलेली आहे, म्हणून सांगते.

त्याचं नाव किनेक्ट. मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर 2010 मध्ये एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी तो काढला. हातात काही न धरता, नुसते हातपाय हलवून खेळायचं, अशी कल्पना. तो खोलीभर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणांचे ठिपके फेकतो. ठिपके अंगावर पडून कसे सरकले यावरून कुठली जागा किती लांब ते काढतो आणि सेकंदाला तीस वेळा तुमच्या शरीराचे वीस सांधे शोधून काड्यांचा माणूस उभा करतो. खेळापुरतं बनवलेलं हे यंत्र चालण्याच्या, तोलाच्या आजारांवर काम करणाऱ्यांनी लगेच उचललं. कारण पूर्वी हेच मोजायला अंगावर चकाकते गोळे चिकटवून आठ-दहा महागडे कॅमेरे लावावे लागत.

माझ्या भाच्याचा असाच एक कॅमेरा माळ्यावर पडला होता. तो मी दवाखान्यात आणला, गोदरेजच्या कपाटावर ठेवला, भाच्यानंच कॉम्प्युटरला जोडून दिला. पहिल्या दिवशी दुपारी चार वाजता पडद्यावरचा काड्यांचा माणूस वेड्यासारखा उड्या मारायला लागला. चूक माझी होती. खिडकी पश्चिमेची आणि महिना एप्रिल. आपल्याकडच्या उन्हात अवरक्त किरण इतके असतात की त्याचे बिचारे ठिपके त्यात बुडून जातात. मग जाड पडदा लावला. दुसऱ्या दिवशी लुगडं नेसलेल्या एक आजी आल्या. यंत्राला त्यांचे दोन पाय सापडेचनात, कधी एकच पाय तर कधी तीन. आजी पडद्याकडे बघून म्हणाल्या, 'या बाईला तर माझ्यापेक्षा जास्त झालंय.' तुमचे आप्पा धोतर नेसत असतील तर तेही लक्षात ठेवा.

आता डॉक्टर काय मोजतात ते बघू, म्हणजे कॅमेरा कुठे उपयोगी पडतो ते कळेल. 'दुसरी पायरी' ही 1967 सालची होएन आणि यार यांची शिडी. एकूण पाच पायऱ्या. दुसरी म्हणजे आजार अंगाच्या दोन्ही बाजूंना आला, पण तोल शाबूत आहे. ही शिडी ढोबळ आहे, एका पायरीवर माणूस वर्षानुवर्षं राहू शकतो. बारकाईनं मोजायला दुसरी पट्टी आहे. तिच्या हालचालींच्या भागात अठरा चाचण्या. उजवा-डावा, हात-पाय वेगळे धरून तेहेतीस वेळा गुण द्यायचे, प्रत्येक वेळी शून्य ते चार, बिघाड जास्त तितके गुण जास्त, म्हणजे एकूण जास्तीत जास्त 132. त्यातली एक तुम्ही नक्की पाहिली असेल : अंगठ्यावर तर्जनी दहा वेळा आपटायची, जमेल तितकी मोठी, जमेल तितकी भराभर.

पुढच्या वेळी नीट बघा. पहिल्यांदा बोट उघडतं तेव्हा मध्ये लिंबू मावेल. चौथ्या-पाचव्याला बोर. आठव्या-नवव्याला ज्वारीचा दाणा. मध्येच एखादी खीळ बसते, बोट थबकतं, मग पुन्हा सुरू. कंपवाताची खरी खूण ही, हालचाल करता करता आटत जाणं. लोक नुसता थरथराट बघत बसतात, आणि पुष्कळ रोग्यांना तर थरथराट फारसा नसतोच. आता या आटण्याला एक गुण द्यायचा की दोन, यावर दोन अनुभवी डॉक्टरांतही फरक पडतो. तोच डॉक्टर सहा महिन्यांनी स्वतःचाच आकडा बदलेल. लिंबाचं बोर कितव्या वेळी झालं ते मात्र कॅमेरा चुकत नाही. त्याला कंटाळा नाही आणि आधीच्या रोग्याची आठवणही नाही. एवढं खरं की जुना किनेक्ट चालणं, वळणं, खुर्चीतून उठणं बरं पकडे, बोटांच्या बाबतीत कच्चाच होता.

कॅमेऱ्याच्या एका मोठ्या कामातलं मला सगळ्यात पटलेलं सांगते. मायक्रोसॉफ्टचं केंब्रिजचं संशोधन केंद्र आणि नोव्हार्टिस ही औषध कंपनी यांनी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रोग्यांसाठी किनेक्ट वापरून पाहिला. तो मेंदू-मज्जारज्जूचा वेगळा आजार, पण दुखणं हेच, की हालचाल किती बिघडली यावर डॉक्टरांचं एकमत होत नाही. यंत्राला शिकवायला डॉक्टरांनी गुण दिलेले व्हिडिओ हवेत, आणि गुणच डळमळीत! मग त्यांनी डॉक्टरांना आकडा मागणं सोडलं. काही व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवले आणि म्हटलं, यांना बऱ्यापासून वाईटापर्यंत क्रमानं लावा. तिथे डॉक्टरांचं जास्त जुळलं.

तुम्हाला हे नवं वाटायचं कारण नाही. जिनिंगवर व्यापारी कापूस कसा बघतो? एकच बोंड हातात देऊन 'सांग बरं किती चांगला' म्हटलं तर तोही अडखळेल. दोन गाड्यांचे दोन पुंजके हातात दिले की क्षणात सांगतो, हा वरचा, तो खालचा. तुमच्या घरातलं भांडण एका पुंजक्यावरचं आहे. दीर रात्रीचे आप्पा बघतात, यजमान पहाटेचे, डॉक्टर सकाळी अकराचे. तिघेही खरं सांगतात.

कारण बहुतेक गोळीत आहे. तुम्ही गोळीचं नाव लिहिलं नाही, पण कंपवातात नेहमी देतात ती लेव्होडोपा असावी असं धरते. चार-पाच वर्षांनंतर अनेकांमध्ये तिचा अंमल गोळीगणिक चढतो आणि उतरतो. अमळनेरहून निघताना आप्पा गोळी घेत असणार, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ती ऐन भरात. त्यात डॉक्टर समोर आले की माणूस मन लावून चालतो, आणि मन लावून चाललं की कंपवातात चाल खरंच सुधारते. मोरीकडे पहाटे जाताना रात्रीचा अंमल उतरलेला, जागा अरुंद, उंबरा आडवा. पाय चिकटायला याहून चांगली जागा नाही. (उंबऱ्याच्या अलीकडे फरशीवर वीतभर अंतरानं चार-पाच आडव्या पट्ट्या रंगवून बघा. पट्टी ओलांडायची म्हटलं की चिकटलेला पाय पुष्कळदा सुटतो.) आणखी एक. गोळी जेवणाबरोबर, त्यातही डाळ, दूध असं भरपूर प्रथिनांचं खाताना घेतली तर अंमल कमी पडू शकतो. आप्पा नेमकी कधी घेतात ते डॉक्टरांना विचारून जुळवा. स्वतः मात्रा वाढवू-घटवू नका, एकदम बंद तर मुळीच नाही.

मग लांब न्यायचं का? माझ्या मते नाही. निदान झालेलं आहे, आणि नुसता एक आकडा घेऊन परत आलात तर भावांच्या भांडणात एका आकड्याची भर. त्यापेक्षा घरातला फोन घ्या. ओसरीत उजेड तोंडावर येईल अशी खुर्ची मांडा, पाठीमागे उघडं दार नको. फोन धान्याच्या कोठीवर, कमरेच्या उंचीवर, विटेला रबरानं बांधून ठेवा, हातात धरू नका. फोन आणि खुर्ची कुठे होती तिथे खडूची खूण करा. आप्पांना पायजमा घालायला सांगा आणि तो घोट्याच्या वर दुमडा. दोन्ही हातांनी आळीपाळीनं दहा-दहा वेळा बोटं आपटणं, मग हात छातीशी घडी करून खुर्चीतून उठणं, दहा फूट जाऊन वळून परत येऊन बसणं. दीड-दोन मिनिटांचा खेळ. एकदा सकाळच्या गोळीआधी, एकदा गोळीनंतर तासाभरानं. गोळी किती वाजता घेतली ते व्हिडिओत तोंडानं बोला. चालताना यजमानांनी हाताच्या अंतरावर राहायचं, कॅमेऱ्याच्या नादात आप्पांना पाडू नका.

महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. लोक एकादशी धरतात, ती नको, उपासानं खाण्याच्या वेळा बदलतात. गावच्या बाजाराचा दिवस धरा. तीन महिन्यांनी डॉक्टरांना सगळं दाखवत बसू नका, त्यांच्याकडे वेळ नसतो. पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचे गोळीआधीचे दोन व्हिडिओ शेजारी ठेवा, तसेच गोळीनंतरचे दोन. आजार वाढला की गोळीचा अंमल आखूड झाला, या दोन गोष्टींवरचे उपाय वेगळे, आणि त्या चार तुकड्यांत डॉक्टरांना ते पुष्कळसं दिसेल.

कॅमेऱ्याला जे दिसत नाही तेही विचारून घ्या. अंगातला ताठरपणा डॉक्टर स्वतः हात वाकवून बघतात, ते डोळ्यांचं काम नाही. मागे उभं राहून खांदे ओढून तोल बघायची चाचणी घरी अजिबात करू नका. बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं, गिळताना ठसका हे सांगितल्याशिवाय कुणालाच कळत नाही, आणि आप्पा स्वतःहून सांगणार नाहीत, मी खानदेशातले पुरुष ओळखते.

व्हिडिओ काढण्याआधी आप्पांना विचारा. आणि तो भाऊबंदकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. दिरांना वेगळा पाठवा, दोन्ही वेळचा.

प्रश्न : मी शिक्षक, वय 54. फळ्यावर लिहिताना, चहाचा कप धरताना हात थरथरतो. स्वस्थ बसलो की थांबतो. फोनचं ॲप पार्किन्सन आहे का ते सांगतं म्हणे. करून बघू?
– शहादा

उत्तर : सर, ॲपवर विश्वासून घाबरूही नका आणि निर्धास्तही होऊ नका. कंपवाताचा ठरीव थरथराट हात मांडीवर स्वस्थ असताना येतो, सेकंदाला चार ते सहा वेळा, आणि हात कामाला लागला की बहुधा कमी होतो. तुमचं उलट आहे, कामात येतो. हा बहुतेक वेळा वेगळाच, पुष्कळदा घराण्यात चालत आलेला कंप असतो. वडिलांचा किंवा आत्याचा हात हलायचा का, आठवून बघा. थायरॉइडचीही तपासणी करून घ्या. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घेऊन जा. चक्कर थांबवायला म्हणून सिनारिझिन, फ्लुनारिझिन महिनोन्महिने घेतल्यानं कंपवातासारखी लक्षणं आलेली माणसं मी पाहिली आहेत. चहाच्या कपाचा व्हिडिओ मात्र जरूर न्या.

प्रश्न : जुना किनेक्ट विकत मिळतोय. वडिलांसाठी घेऊ का?
– चाळीसगाव

उत्तर : नको. 2017 मध्येच त्याचं उत्पादन थांबलं. आता साध्या फोनच्या चित्रावरून गुगलचं मीडियापाइप नावाचं सॉफ्टवेअर शरीराचे 33 आणि एका हाताचे 21 बिंदू शोधतं, तेही ठिपके न फेकता. माझा किनेक्ट कपाटावर आहे, भाचा नेईना.