आयटी सोडून नर्सिंगसाठी जर्मनीला येऊ का?

तुझा प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. ताई म्हणून विचारलंस म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. वय 37, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, बाबांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचं सगळं केलंस आणि तेव्हापासून स्क्रीनसमोर बसवत नाही, म्हणून जर्मनीत नर्सिंगची आउसबिल्डुंग, म्हणजे पगार घेत, काम करत शिकायचा कोर्स, करायची, सोबत बायको आणि तिसरीतली मुलगी. आणि शेवटी विचारलंयस की मन बदललं म्हणून करिअर बदलणं हा वेडेपणा आहे का. मीही पुण्यात टेस्टिंगच करायचे आणि आज न्यूरेंबर्गच्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे, त्यामुळे सांगायचा थोडा हक्क आहे असं समजते.

व्हिसाचे प्रकार, जर्मनच्या बी1-बी2 पातळ्या, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चासाठी आधीच बँकेत अडकवून ठेवायचे पैसे) हे सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, ते परत लिहीत नाही. तिथे नसतं ते लिहिते.

आधी कागदपत्रं, कारण अजून आठवलं तरी डोक्यात जातं. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, आडनाव आधी, मग माझं, मग बाबांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. शाळेच्या दाखल्यावर नावाआधी 'कु.' होतं, भाषांतर करणाऱ्याने त्याचं इनिशियल करून टाकलं, म्हणजे इथल्या ऑफिसच्या दृष्टीने एका बाईची तीन वेगवेगळी माणसं झाली. त्यात काउंटरवरची बाई मला विचारते, तुमच्या नावात हे दोन पुरुष कोण आहेत? लग्न झालं की आमच्याकडे मधलं नावसुद्धा बदलतं हे तिला समजावून सांगताना माझं जर्मन संपलं, आणि ती शांतपणे म्हणाली की याचा पुरावा आणा. कशाचा पुरावा, मराठी पद्धतीचा? गॅझेट, मॅरेज सर्टिफिकेट, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट, परत सगळ्याचं शपथबद्ध भाषांतर, आणि तोपर्यंत त्या वर्षीची बॅच सुरू होऊन गेलेली. तू पुरुष आहेस, तुझं सोपं जाईल, पण बायकोचे कागद आत्ताच काढून एका ओळीत ठेव आणि सगळीकडची नावं अक्षर न् अक्षर ताडून बघ.

आता कामाबद्दल. आउसबिल्डुंग तीन वर्षांची, 2,100 तास वर्गात आणि 2,500 तास प्रत्यक्ष काम. 2020 पासून लहान मुलांचं, मोठ्यांचं आणि वृद्धांचं नर्सिंग एकत्रच शिकवतात, म्हणजे हॉस्पिटल, वृद्धाश्रम, घरी जाऊन करायची सेवा, सगळीकडे फिरवतात. वर्गात बाजूला अठरा वर्षांची पोरं बसलेली असतात आणि त्यांना सगळं भराभर कळतं, याची सवय होते. भाषेचं मात्र वेगळंच. गोएथे इन्स्टिट्यूटची जर्मनची परीक्षा पास होऊन आले आणि इथले आजी-आजोबा बोलतात फ्रेंकिश, म्हणजे इथली बोली, त्यात प आणि ब, त आणि द सारखेच ऐकू येतात, वर कवळी काढलेली. पहिले काही महिने मी फक्त चेहरे वाचले.

सकाळची पाळी सहाला. रात्रपाळीवाली माहिती देऊन जाते आणि मग खोल्यांमागून खोल्या, अंग पुसणं, कपडे, गोळ्या, नाश्ता, आणि प्रत्येक गोष्टीची नोंद. एक आजी आहेत, स्ट्रोकनंतर त्यांची डावी मूठ कायमची वळलेली. ती जबरदस्तीने उघडायची नाही. कोमट पाण्याच्या भांड्यात हात सोडायचा, मनगट खालून धरायचं, थांबायचं, मग अंगठ्यापासून एकेक बोट अलगद सोडवत जायचं. तळहातावर नखांचे व्रण असतात, मधे पांढरी, ओलसर, वास येणारी कातडी असते. ती पुसून, कोरडी करून, मऊ कापडाची गुंडाळी हातात द्यायची. हे घाईत होत नाही, आणि ड्युटीवर माणसं कायम कमी असल्यामुळे घाई तर रोजच असते. तरी सांगते, टेस्टिंगच्या सगळ्या वर्षांत मला कधी वाटलं नाही की मी आत्ता केलं नसतं तर कुणाचंतरी अडलं असतं. इथे ते रोज वाटतं. त्यामुळे वेडेपणा आहे का, याचं माझं उत्तर नाही असंच आहे. मन बदलतं, पंचविशीत जे महत्त्वाचं वाटलं ते चाळिशीला वाटेलच असं नाही, आणि त्याप्रमाणे काम बदलायला हरकत कसली.

पण बाबांचं करणं आणि परक्याचं करणं यात फरक आहे, तो इथे येण्याआधी तपासून घे. बाबांच्या बाबतीत तुझ्याकडे प्रेम होतं. इथे एखादे आजोबा अंगावर थुंकतील, काळ्या हातांनी शिवू नकोस म्हणतील, आणि तुला त्यांचंही तितकंच नीट करायचंय. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, म्हणजे गंभीर आजारातल्या रुग्णांचा त्रास कमी करणारं, 1997 पासून चालू आहे, नोकरी न सोडता तिथे जाऊन विचार, काही मदत करता येईल का. वास, उलटी, नातेवाइकांची भांडणं, हे सगळं जवळून बघ. त्यानंतरही हेच करावंसं वाटलं तर जर्मनचा क्लास लाव.

पुरुषाने हे काम कसं करायचं असंही विचारलंयस. इथे त्याचं काही नाही. 2011 पर्यंत सक्तीच्या सैन्यसेवेत जायचं नसेल तर त्याऐवजी नागरी सेवा करता यायची, कितीतरी मुलं त्या निमित्ताने हॉस्पिटलं आणि वृद्धाश्रमांत आली आणि त्यातले काही याच कामात राहिले. मला मूठ सोडवायला शिकवली ती अशाच एका साठीच्या सहकाऱ्याने.

आपल्याकडचं मात्र आपल्याला माहितीय. माझ्या वडिलांना हॉस्पिटलमधे ठेवलं होतं तेव्हा त्यांना साफ करणाऱ्या बाईंना सगळे 'मावशी' म्हणायचे आणि हातात पन्नासची नोट ठेवायचे, नाव कुणी विचारलं नाही, मीही नाही. आज मी तेच काम करते. सासूबाईंना अजून एवढंच माहितीय की मी 'मेडिकलमधे' आहे. नवरा म्हणतो, कशाला सांगायचं, त्यांना त्रास होईल. मीही गप्प बसते.

आणि आता माझ्या मुलाचं, जे खरं तर मला लिहायचंच नव्हतं. बव्हेरियात, म्हणजे न्यूरेंबर्ग ज्या राज्यात आहे तिथे, चौथीनंतर मुलांची विभागणी होते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, या तीन विषयांची सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम (युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा), 2.66 पर्यंत असेल तर रिआलशुले (मधली), त्यापुढे मिटेलशुले (बहुतेक हुन्नराकडे नेणारी). इथे 1 म्हणजे सर्वांत चांगला. मेच्या सुरुवातीला सर्टिफिकेट हातात येतं आणि दहा वर्षांच्या पोराचा रस्ता ठरतो. पुढे बदलता येतो, दारं बंद नसतात, हे सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, पण चढण त्या पोरालाच चढायची असते. माझा मुलगा आला तेव्हा त्याला जर्मनचा शब्द येत नव्हता. गणितात पुढे होता, पण इथलं गणित म्हणजे अर्धं उताऱ्यातलं, उताराच कळला नाही तर काय करणार. वर्गशिक्षिकेने आम्हाला बोलावून अगदी प्रेमाने सांगितलं की तो हातांनी फार छान काम करतो, त्याला मिटेलशुलेच योग्य, पुढे एखादा हुन्नर शिकेल.

मी तेव्हा स्वतः आउसबिल्डुंगच्या दुसऱ्या वर्षात होते. कॉम्प्युटर सोडून हातांचं काम मी निवडलं होतं, कुठलंही काम हलकं नसतं असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, मनापासून. आणि ते वाक्य ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं पोर सुतार होणार? मी त्या बाईंशी भांडले नाही, बाहेर येऊन पार्किंगमधे रडले. आज तो मिटेलशुलेतच, दहावीचं सर्टिफिकेट मिळवून देणाऱ्या वर्गात आहे, मजेत आहे, सायकली दुरुस्त करतो, मित्र आहेत. त्याला काहीच खटकत नाही. मला खटकतं. त्या शिक्षिकेचं चुकलं असंच मला अजून वाटतं, भाषेला तिने बुद्धी समजलं. पण रागाचं तेवढं एकच कारण होतं का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. माझी मूल्यं बदलली म्हणते, ती माझ्यापुरतीच बदलली की काय, हा प्रश्न पडतो आणि तो सुटत नाही.

तुझी मुलगी तिसरीत आहे म्हणून हे सगळं लिहिलं. राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमधे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, म्हणजे भाषा शिकायला तिला दोन वर्षं जास्त मिळतील. नोकरी शोधताना हे आधी बघ, पगार नंतर. पगाराचं म्हणशील तर पहिल्या वर्षी साधारण 1,400 युरो, हातात हजाराच्या थोडे वर, त्यात तिघांचं भाडं, इन्शुरन्स, पोट भागत नाही, आणि तेवढ्यावर कुटुंबाला व्हिसा मिळणंही फार कठीण. माझं जमलं कारण नवऱ्याची नोकरी इथे होती. तुला बहुतेक आधी एकट्याने यावं लागेल.

एकटेपणाबद्दल विचारलंयस. असतो. पाळ्या सुरू झाल्या की झोपेपुढे तो सुचत नाही. एवढंच.

एक राहिलं. तुझ्या एवढ्या मोठ्या प्रश्नात बायकोला काय वाटतं याची एकही ओळ नाही. तीही नोकरी करते असं तू ओघात लिहिलंयस. तिची नोकरी, तिचं जर्मन, तिचे आईवडील, ती तीन वर्षं मुलीला घेऊन एकटी पुण्यात राहायला तयार आहे का, हे सगळं तिच्याशी बोल आणि मग परत लिही. शक्यतो तिलाच लिहू दे, मी तिला सविस्तर उत्तर देईन.