विसार घेतल्यावर खरेदीदाराच्या मागण्या वाढल्या: कुठे सोडायचं, कुठे अडून बसायचं?

प्रश्न: कोथरूडला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. 2013 साली सगळा खर्च धरून 42 लाखांना घेतला होता. भाडेकरू गेल्यापासून रिकामा आहे. 85 लाखांना सौदा ठरला, दोन लाख विसार बँकेतून खात्यात आला. आता खरेदीदार म्हणतो, बाथरूमलगतच्या भिंतीला ओल आहे, पाच लाख कमी करा. करारनामा 70 लाखांचा करा, 15 लाख रोख देतो. कर्जाचे पैसे यायला दीड महिना आहे, तोवर फर्निचरच्या कामाला किल्ली द्या. शिवाय सोसायटीचं ट्रान्सफर (फ्लॅट नावावर करायचा प्रीमियम) तुम्ही भरा आणि दोन्ही एसी ठेवा. रेडीरेकनरप्रमाणे (सरकारी दरतक्त्याप्रमाणे) किंमत 79 लाख निघते. आम्हाला या पैशांतून नाशिकला 60 लाखांचं घर घ्यायचं आहे. एजंट म्हणतो, रोखीत तुमचाही कर वाचेल. सौदा मोडावा का?

उत्तर: ताई, एवढ्यात मोडू नका. पण या पाच मागण्या एका तागडीत घालू नका. पैशांत सूट मागणं हा घासाघिशीचा भाग आहे, तिथे थोडं सोडता येतं. करारातली किंमत आणि घराचा ताबा या दोन गोष्टींत मात्र एक पाऊलही मागे घेऊ नये.

आधी रोखीचं बघू, कारण एजंटाने तुम्हाला तिथेच भुलवलंय. तुमचा नफा 85 वजा 42, म्हणजे 43 लाख. घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे आहे, त्यामुळे हा दीर्घकालीन भांडवली नफा झाला. तो राहत्या घरात गुंतवला तर करमाफी मिळते: नवं घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घेतलेलं हवं आणि पुढची तीन वर्षं ते विकायचं नाही. नाशिकचं घर 60 लाखांचं, नफा 43 लाखांचा. म्हणजे पूर्ण 85 लाख कागदावर दाखवूनही या व्यवहाराचा तुमचा कर शून्य. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत नाशिकचा व्यवहार झाला नाही, तर नफ्याची रक्कम बँकेत कॅपिटल गेन्स खात्यात ठेवा. साध्या एफडीत ठेवलेली चालत नाही.

समजा नाशिकचा बेत बारगळला, तरी 2024 च्या जुलैपूर्वी घेतलेलं घर असल्याने महागाई निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून धरायचा पर्याय तुम्हाला आहे. 2013-14 चा निर्देशांक 220, 2025-26 चा 376. 2025-26 मध्ये विकलंत तर 42 लाखांचे 71.78 लाख धरले जातील, उरलेल्या 13.22 लाखांवर 20 टक्के आणि सेस (करावरचा उपकर), म्हणजे साधारण पावणेतीन लाख. निर्देशांक न घेता साडेबारा टक्क्यांनी हाच कर साडेपाच लाखांच्या वर जातो. म्हणजे घर घेतलंच नाही तरी फार तर पावणेतीन लाखांचा प्रश्न आहे.

आणि त्यासाठी जोखीम किती? घरव्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली, तर घेतली तेवढाच दंड लागू शकतो. 15 लाख घेतले तर दंड 15 लाख. बरं, ती रोकड नाशिकला देणार कशी? तिथल्या विक्रेत्याला चेकच हवा असेल, तर नोटा कपाटात पडून राहणार.

खरी गंमत म्हणजे यात त्या खरेदीदाराचंही नुकसान आहे, हे त्याला बहुधा कुणी सांगितलेलं नाही. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडीरेकनर यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. त्यामुळे 70 लाख लिहिले तरी शुल्क 79 लाखांवरच. पुण्यात सात टक्क्यांनी त्याची बचत 85 आणि 79 मधल्या सहा लाखांवर, म्हणजे 42 हजार. उलट करारातली किंमत रेडीरेकनरपेक्षा बरीच कमी असेल, म्हणजे फरक करारातल्या किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त असेल, तर तो पूर्ण फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरला जातो. इथे फरक नऊ लाख. खरेदीदार 30 टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर कर पावणेतीन लाखांच्या वर. शिवाय बँक कर्ज देताना करारातली किंमत बघते: 85 लाखांवर जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 68 लाख, 70 लाखांवर तेवढ्याच टक्क्यांनी 56 लाखच. हे आकडे एका कागदावर लिहून एजंटाच्या हाती द्या. वाद घालण्यापेक्षा लवकर काम होतं.

आता किल्ली. ही मागणी ऐकायला साधी वाटते, ‘फक्त मापं घेऊन काम सुरू करतो’. पण सुताराने किचनचा ओटा फोडला, बेडरूमच्या भिंतीत खाचा पाडल्या आणि बँकेच्या वकिलाने कागदात त्रुटी काढून कर्ज अडवलं, तर तुमच्या हाती अर्धवट फोडलेलं घर उरतं. तसं घर दुसऱ्या कुणाला दाखवताही येत नाही. त्याहून वाईट म्हणजे लेखी करार झालेला आणि माणूस आत, अशा स्थितीत मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 53-अ कलम त्याच्या ताब्याला संरक्षण देऊ शकतं. त्याला बाहेर काढायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागेल. मापं घ्यायला दोन-तीनदा खुशाल येऊ द्या, तुमचं माणूस हजर असताना. किल्ली मात्र शेवटचा रुपया खात्यात दिसल्यावर, ताबा-पावतीवर सही घेऊन.

ओलीचं म्हणणं खोटं नाही, आकडा खोटा आहे. आधी ओल कुठून येते ते बघा. भिंतीच्या खालच्या दोन-अडीच फुटांत रंगाचे पापुद्रे निघत असतील तर बहुतेक तुमच्याच बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गेलंय. छताकडून उतरत असेल तर वरच्या फ्लॅटशी बोलावं लागेल. डक्टमधल्या पाइपमुळे असेल तर ते सोसायटीचं काम, सचिवांना लेखी अर्ज द्या. बाथरूमच असेल तर लाद्या काढून थर नव्याने द्यायचा आणि पाणी साठवून चाचणी घ्यायची, याचे दोन कंत्राटदारांकडून लेखी अंदाज आणा.

तो अंदाज समजा लाख-सव्वा लाखाचा निघाला. दुसऱ्या बाजूला, सौदा मोडून नवा खरेदीदार मिळायला तीन महिने गेले तर 85 लाखांवर साडेसहा टक्क्यांनी महिन्याला 46 हजारांचं व्याज बुडतं (करापूर्वी), मेंटेनन्स वेगळा. म्हणजे दीड लाखाच्या आसपास. म्हणून दीड लाखापर्यंत सूट देणं हिशेबात बसतं. पाच लाख बसत नाहीत. सूट एकदाच द्या आणि करारात कमी झालेली खरी किंमतच लिहा. सोबत ‘घर आहे त्या स्थितीत पाहून घेतले, ओलीबाबत पुढे तक्रार राहणार नाही’ हे वाक्य हवं, नाहीतर ताबा घेताना हीच ओल पुन्हा निघते.

ट्रान्सफर प्रीमियमला महापालिका हद्दीत 25 हजारांची कमाल मर्यादा आहे. निम्मे-निम्मे करा आणि विषय संपवा. एसी जुने असतील तर देऊन टाका, पण कोणत्या वस्तू राहणार याची यादी करारनाम्याला जोडा. व्यवहार 50 लाखांच्या वर असल्याने एक टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) खरेदीदार कापेलच. ती सूट नव्हे, तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि कर शून्य असेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. तुमचा पॅन त्याने बरोबर टाकलाय ना, हे भरण्याआधी तपासा.

राहिला विसार. तुमच्या विसारपावतीवर मुदत आहे का, ते आजच बघा. नसेल तर त्याला ईमेलने कळवा: ‘किंमत अमुक, पूर्ण रक्कम बँकेतून, ताबा पूर्ण रक्कम मिळाल्यावर, करारनामा अमुक तारखेपर्यंत नोंदवावा.’ पंधरा दिवस पुरेत. मुदत टळली तर वकिलामार्फत नोटीस द्या आणि त्यानंतरच दुसऱ्याशी बोला. नोटिशीआधी परस्पर दुसऱ्याला विकलंत, तर हा खरेदीदार करार पूर्ण करून मागायला कोर्टात जाऊ शकतो आणि तुमचं नाशिकचं घर त्यात अडकेल. विसार जप्त करता येतो, पण पावतीत तो व्यवहाराच्या हमीपोटी घेतला आणि मोडल्यास जप्त होईल असं लिहिलेलं असेल तरच बाजू भक्कम. नुसती ‘आगाऊ रक्कम’ असेल तर परत करावी लागू शकते. जप्त केलेले दोन लाख तुमच्या उत्पन्नात धरले जातात, त्यावर टप्प्याप्रमाणे कर आहे. मी तुमच्या जागी असते तर ते परत करून रद्दपत्रावर त्याची सही घेतली असती आणि त्याच संध्याकाळी फ्लॅट पुन्हा विक्रीला लावला असता.